दारावरची केरवोखेची पाटी

पिंपळे सौदागरहून एका ताईंनी विचारलं आहे: "नवऱ्याला कंपनी दीड वर्षासाठी जर्मनीत स्टुटगार्टला पाठवते आहे. मी बिनपगारी रजा घेऊन सोबत जाते आहे. मुलगी साडेसहा वर्षांची आहे. आधी जाऊन आलेल्या मैत्रिणी सांगतात की तिथे आपलीच माणसं, आपलंच दुकान, आणि सुट्टी आली की पॅरिस नाहीतर स्वित्झर्लंड. मला तिथल्या माणसांसारखं राहून बघायचं आहे. त्यासाठी नेमकं काय करायचं?"

ताई, मी सोळा वर्षं याच शहरात आहे. त्यातली अकरा वर्षं नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि सरकारी कागदपत्रं यांत मदत करणं हेच माझं काम आहे. लोक मला बहुतेक वेळा विचारतात कुठे खायचं, काय बघायचं, आपले लोक कुठल्या भागात राहतात. राहायचं कसं हे फार थोडे विचारतात, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

आपल्याकडे 'कुठे उतरलात?' आणि 'कुठे राहता?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परदेशात दीड-दोन वर्षं काढूनही अनेक कुटुंबं तिथे उतरलेलीच असतात. त्यांचं घर चांगलं असतं, फिरणंही भरपूर होतं, पण ती एखाद्या मंगळवारी दिसली नाहीत तर शहरात कुणाचं काही अडत नाही. माझं मत असं की तिथल्या ताटापासून सुरुवात करू नका, तिथल्या वाट्याच्या कामापासून करा. कुठल्या तरी यादीत तुमचं नाव लागू द्या, तुमच्यावाचून कुणाचं तरी थोडं अडू द्या. बाकीचं त्यामागून येतं.

स्टुटगार्टमध्ये हे वाट्याचं काम थेट तुमच्या दाराच्या मुठीवर लटकतं. त्याला केरवोखे म्हणतात: इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याआठवड्याने पाळीपाळीने साफसफाई करायची, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लावायची. 'केर' म्हणजे झाडणं आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. पहिल्यांदा शब्द ऐकला तेव्हा मला आपला केरच ऐकू आला, आणि अर्थही तोच निघाला. या प्रदेशाचं नाव श्वाबन, इथल्या माणसांना श्वाब म्हणतात, आणि स्वच्छतेबद्दल ते साऱ्या जर्मनीत ओळखले जातात. १४९२ सालच्या स्टुटगार्टच्या नगरकायद्यातच प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर न्यावा असं कलम होतं. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांतून ती प्रथा आजही चालू आहे. छोटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी म्हणजे इमारतीचं प्रवेशद्वार, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा, समोरचा पदपथ, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. कामाच्या दिवशी तो सकाळी सातच्या आत हटवायचा असतो. आपला आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची.

माझ्या दाराला पाटी आली तेव्हा मी कोरडा झाडू फिरवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी तोच जिना ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. आपल्याकडे कुणीतरी बोललं असतं, निदान सुस्कारा तरी टाकला असता. ती शांतता मला फार लागली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी शिकवलं: वरून खाली यायचं, आधी कठडा, मग खिडकीची पट्टी, पायपुसणं उचलून त्याखालची जागा, शेवटी पायऱ्या, आणि फडकं दोनदा तरी पिळायचं. वीस मिनिटांचं काम होतं. पुढच्या वेळी माझा जिना बघून त्यांनी नुसती मान हलवली. श्वाबांची एक म्हण आहे: रागावलो नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. मला ते कळायला वर्ष लागलं, तुम्ही आधीच लक्षात ठेवा. इथे तोंडभर कौतुकाची वाट पाहत बसलात तर माणसं रुक्ष वाटतील. त्याच आजींनी तीन महिन्यांनी बहिणीकडे जाताना झाडांना पाणी घालायला आपल्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. तोपर्यंत आमच्यात गप्पा अशा झाल्याच नव्हत्या. झाला होता तो जिना.

आता पहिल्या पंधरा दिवसांतल्या गोष्टी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. बँक, विमा, कर क्रमांक, शाळा, सगळं या एका कागदावर उभं आहे. कागदाइतकंच टपालपेटीवरचं आणि घंटीवरचं नाव महत्त्वाचं. इथे फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. आमचं पहिलं विमा कार्ड परत गेलं, कारण मी माहेरचं आडनाव ठेवलं आहे आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं होतं. तुमच्यात दोन आडनावं असतील तर दोन्ही लावा, मुलीचं वेगळं असेल तर तेही. दर महिन्याला प्रत्येक घरामागे १८.३६ युरो प्रसारण शुल्क लागतं. टीव्ही नसला तरी ते चुकत नाही, पत्र आलं की भरून टाका. आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा खाजगी विमा घ्या. इमारतीची किल्ली हरवली तर सगळी कुलुपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. वर्षाला काही डझन युरोंत हे काम होतं, म्हणून इथल्या बहुतेक घरांत तो असतो.

भाषेबद्दल. पुण्यात मॅक्स म्युलर भवन हाताशी आहे. निघेपर्यंत तिथे पहिली पातळी तरी करून घ्या. इथे आल्यावर रोटेब्यूल चौकातल्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे शहराच्या लोकशिक्षण केंद्रात, पुढचा वर्ग लावा. तिथे तुमच्या बाकावर सीरियाचा, ब्राझीलचा, युक्रेनचा माणूस असेल, आणि तोही या शहरात तुमच्याइतकाच नवा असेल. मराठी माणसाला एक गोष्ट मात्र शिकवावी लागत नाही. जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू' आहेत, आपल्या अहो आणि अगं-अरेसारखे. वयाने मोठा माणूस आपण होऊन 'डू म्हणा' असं सांगेपर्यंत झीच म्हणायचं. इंग्रजीतून जर्मनकडे येणाऱ्यांची इथे तारांबळ उडते, आपली उडत नाही. वर्गात प्रमाण जर्मन शिकाल आणि जिन्यात श्वाबिश ऐकाल. इथे शब्दांना शेवटी 'ले' लावून लहान आणि प्रेमळ करतात, आपण घराचं घरकुल करतो तसं. काही शब्दांचे अर्थच वेगळे आहेत. 'हेबन' म्हणजे प्रमाण भाषेत उचलणं, इथे धरून ठेवणं. शिडीवर चढलेले शेजारी 'हेब' म्हणाले तर शिडी उचलू नका, घट्ट धरा. जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या प्रतीक्षा खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'ग्र्युस गॉट' म्हणायचं, निघताना 'आडे'. एवढे दोन शब्द विमानात पाठ केलेत तरी चालेल.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या दीड वर्षाचा सर्वात मोठा दरवाजा तोच आहे. इथे ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना त्या सप्टेंबरपासून शाळा सक्तीची असते. सरकारी शाळेला फी नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत वेगळे तयारी वर्गही असतात. पुष्कळ पालक आंतरराष्ट्रीय शाळेकडे वळतात. मूल मोठं असेल, भारतात परतून लगेच दहावी असेल, तर मी त्यांना अडवत नाही. साडेसहा वर्षांच्या मुलीला मात्र घराजवळच्या सरकारी शाळेत घाला असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या जवळजवळ अर्ध्या उंचीचा कागदी शंकू असतो, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. त्याला शूलट्यूट म्हणतात आणि तो पालकांनी घरून आणायचा असतो. हे कुणी सांगत नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं. गेल्या काही वर्षांत मी तीन मुलांसाठी आदल्या रात्री बसून शंकू केले आहेत. तुम्ही आधीच करून ठेवा.

शाळेत मुलं चालत जातात, बहुतेक आपापली. सुरुवातीला त्यांच्याबरोबर रस्ता गिरवा, मग दोन गल्ल्या मागे राहा, मग घरी थांबा. आपल्या जिवाला ते कठीण जातं, मला गेलं. पण त्याच रस्त्यावर तिला मैत्रिणी मिळतात आणि त्यांच्या आया तुम्हाला मिळतात. पालकसभेला, एल्टर्नआबेंडला, दोघांपैकी एकाने जायचंच. तिथे एक कागद फिरतो: उन्हाळी जत्रेला केक कोण आणेल, नोव्हेंबरमध्ये सांक्ट मार्टिनच्या कंदील मिरवणुकीला कोण थांबेल, टेबलं कोण मांडेल. त्या कागदावर नाव लिहा. जर्मन कळत नसेल तर टेबलं मांडा, त्याला भाषा लागत नाही. एक कडक गोष्टही सांगते. शाळा बुडवून भारतात जाता येत नाही, तिकीट स्वस्त आहे हे कारण इथे चालत नाही. या राज्याची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीला सुरू होऊन सप्टेंबरच्या पूर्वार्धात संपते, त्यामुळे गणपती लवकर आले तर घरी जाणं जमतं, उशिरा आले तर नाही. दिवाळी शरद सुट्टीत कधी बसते, कधी नाही.

तुमच्यासाठी दुसरा दरवाजा म्हणजे फेराइन, नोंदणीकृत मंडळ. सात माणसं जमली की ते नोंदवता येतं आणि इथे कशाचंही असतं: व्यायामाचं, गाण्याचं, मधमाश्यांचं, बागेचं. श्वाबिशर आल्बफेराइन हे डोंगर भटकणाऱ्यांचं मंडळ १८८८ पासून चालू आहे. सह्याद्रीत पायपीट केली असेल तर तिथून सुरुवात करा. मुलीला जवळच्या मंडळात लहान मुलांच्या जिम्नॅस्टिक्सला घाला. तिथेही तोच नियम आहे. अनेक मंडळांत वर्गणीबरोबर वर्षाला काही तास काम करावं लागतं, किंवा त्याचे पैसे भरावे लागतात. नव्याने आलेले लोक पैसे भरतात. कृपा करून तसं करू नका. माझ्या आजच्या सर्वात जवळच्या दोन मैत्रिणी मला मंडळाच्या जत्रेत तीन तास ताटं विसळताना मिळाल्या. तिथे कुणी मला भारताबद्दल विचारलं नाही, फडकं कुठे आहे ते विचारलं, आणि मला फार बरं वाटलं.

खाण्याचं आता लिहिते, कारण त्यात आनंदच आनंद आहे. शहराच्या बाजारचौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो. आपली पिशवी न्या, विचारल्याशिवाय भाजीला हात लावू नका. नवलकोल इथे पुण्यापेक्षा ताजा मिळतो, नाव कोलराबी. विमानतळाजवळच्या फिल्डर पठारावर टोकदार कोबी होतो, त्याची पानं पातळ असतात आणि आपली कोबीची भाजी त्याची अप्रतिम होते. एप्रिलपासून पांढरा शतावरीचा कोंब येतो आणि २४ जूनला त्याचा हंगाम संपवतात. इथली माणसं हंगामानुसार जेवतात, तुम्हीही जेवा. ताक म्हणून बुटरमिल्श कढीला चालतं. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. जास्त स्निग्धांशाचा घेऊन रात्रभर फडक्यात टांगला तर पाडव्याचं श्रीखंड झकास होतं.

इथला रोजचा पदार्थ म्हणजे मसुरासारख्या डाळीबरोबर स्पेट्झले, म्हणजे जाडसर मऊ शेवया. शाकाहारी असाल तर आधी विचारा. स्पेट्झलेत अंडं असतं, आणि डाळीत बरेचदा डुकराच्या मांसाचे तुकडे. माउल्टाशन नावाचा करंजीसारखा उकडलेला पदार्थ मात्र भाजीच्या सारणाचाही मिळतो. एका दिवाळीत मी चकल्या पाडत असताना खालच्या आजी काहीतरी परत द्यायला आल्या आणि सोऱ्या बघून थबकल्या. खाली जाऊन त्यांनी आपला स्पेट्झले पाडायचा दाबयंत्राचा साचा आणला. दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले आणि आम्ही कितीतरी वेळ बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या की हा साचा घाईच्या दिवसासाठी, खऱ्या स्पेट्झले लाकडी फळीवरून सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात सोडतात. त्या रविवारी त्यांनी मला ते शिकवलं. फराळ शेजाऱ्यांना जरूर द्या, पण मूठभर द्या. भरलं ताट दिलंत तर परतफेड कशी करायची या विचाराने ती माणसं संकोचतात. आणि ताट धुऊन रिकामं परत आलं तर मनाला लावून घेऊ नका. रिकामं भांडं परत करू नये ही आपली रीत आहे, त्यांची नाही.

फोडणीबद्दल स्पष्ट सांगते. वास जिन्यात जातो आणि कपड्यांत बसतो. फोडणी जरूर द्या, मी रोज देते. कोट-जाकिटं बंद कपाटात ठेवा, स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी सताड उघडा. तशीही इथे दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा खेळवायची असते, कडाक्याच्या थंडीतही. नाही केलं तर भिंतींना बुरशी धरते आणि घर सोडताना त्यावरून वाद होतात.

रविवारी दुकानं बंद असतात. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या गोळा करण्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत. सुरुवातीला हा दिवस अंगावर येतो, पण इथली माणसं त्या दिवशी चालायला जातात. स्टुटगार्ट एका खोलगट जागी वसलं आहे, लोक त्याला केसल, म्हणजे हंडा, म्हणतात. उतारांवर द्राक्षमळे होते आणि आहेत, म्हणून शहरात चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. मुलीला घेऊन दर रविवारी एक नवा जिना चढा. वर एखाद्या मळेवाल्याच्या दाराला केरसुणी टांगलेली दिसली तर आत जा. ती बेझनविर्टशाफ्ट. घरचीच वाइन आणि साधं जेवण वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, फार तर चाळीस खुर्च्यांवर विकायची त्यांना मुभा असते. तुम्ही दारू घेत नसाल तर द्राक्षाचा रस मागा. रिकामं टेबल शोधू नका, भरलेल्या टेबलावर 'इथे जागा आहे का?' विचारून बसा. लक्ष्मीपूजनाला केरसुणी पूजणाऱ्या घरात वाढलेल्या मला दाराची ती केरसुणी बघून दरवेळी आपलं वाटतं.

मराठी मंडळाकडे पाठ फिरवू नका. गणपतीला जा, मुलीच्या कानावर मराठी पडू द्या, आजारपणात तीच माणसं डबा घेऊन येतात. फक्त आठवड्याचे सगळे दिवस तिथे देऊ नका. आणि पहिले चार महिने पॅरिस-स्वित्झर्लंडची तिकिटं काढू नका. शनिवार-रविवारीच शेजारी घरी असतात, जत्रा भरतात, मुलांचे वाढदिवस होतात. दर शुक्रवारी बॅग भरणाऱ्या कुटुंबाला दोनदा नकार मिळाल्यावर कुणी तिसऱ्यांदा बोलावत नाही. फिरायची हौस जर्मनीतच भागवा. देशभरातल्या स्थानिक गाड्यांना चालणारा मासिक पास २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोंना आहे.

घरासाठी शेवटचं. नव्या कुटुंबांना मोठ्या संकुलातला, सगळी साफसफाई बाहेरच्या माणसांकडे असलेला फ्लॅट दाखवला जातो आणि सोयीचा म्हणून ते घेतात. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर बसवलेलं आहे का ते आधी विचारा, कारण इथे पुष्कळ घरं ओटा-सिंकशिवाय भाड्याने देतात आणि दीड वर्षासाठी ते बसवणं परवडत नाही. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मग विचारा की इमारतीत केरवोखे आहे का. सहा-आठ बिऱ्हाडांची जुनी इमारत असेल, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि मालक 'हो, आहे' म्हणाले, तर ते घर घ्या.